कातर आणि कातळ

आईची आणि त्या हत्तीची ओळख माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची. भायखळ्याच्या चाळीत दोन खोल्या आणि सात माणसं. रविवारी मुलांना घराबाहेर काढायचं म्हणजे राणीबागेत पिटाळायचं. तिथे म्युझियमच्या अंगाला काळ्या दगडाचा एक हत्ती उभा आहे. आईच्या म्हणण्याप्रमाणे तो बागेतल्या खऱ्या हत्तीपेक्षा बरा होता. त्याच्याभोवती गर्दी नसे आणि त्याच्या सावलीत डबा खाता येई. तो कुठून आला हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. राणीबागेत हत्ती असणारच, त्यात विचारायचं काय?

गेल्या वर्षी बोलता बोलता मी सहज म्हटलं, "अगं, तो हत्ती घारापुरीचा. पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा नाव ठेवलं ते त्याच्यावरून." आई टीप मारत होती. मशीन थांबवून तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मग तो इथे काय करतोय?"

वयाची ७४ वर्षं मुंबईत आणि मुंबईच्या आसपास काढलेली ही बाई घारापुरीला कधीच गेली नव्हती. मी शाळेच्या सहलीतून एकदा आणि परगावच्या पाहुण्यांना घेऊन दोनदा जाऊन आले होते. सहलीचं मला एवढंच आठवतं, की माकडानं माझा चिवड्याचा पुडा पळवला आणि बाई मलाच ओरडल्या. आणि पाहुण्यांबरोबर गेलं की लेणं बघायचं राहूनच जातं, आपण पाण्याच्या बाटल्या आणि माणसं मोजत बसतो. तेव्हा खरं तर आम्ही दोघीही पहिल्यांदाच चाललो होतो.

पौषातला मंगळवार निवडला, कारण सोमवारी लेणी बंद असतात. गेटवेवरून लाँचनं तासभर लागतो. अंतर दहा-अकरा किलोमीटरच आहे, पण लाँचला घाई नसते. चढल्या चढल्या सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावली. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच वाटेवर नौदलाची स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळून माणसं गेली होती, ते कुणी बोललं नाही पण सगळ्यांना आठवत असणार. आईनं जॅकेटचे बंद ओढून पाहिले, शिवण उलटी करून पाहिली आणि "टाके लांब टाकलेत" असा शेरा मारला. तिच्या बहुतेक मतांची सुरुवात टाक्यांपासून होते. चाळीत, आणि लग्नानंतर डोंबिवलीत, तिनं चाळीसेक वर्षं बायकांचे ब्लाउज शिवले. अजूनही शिवते, फक्त सुईत दोरा मी ओवते.

त्या दिवसांत सकाळी बंदरावर जे धुरकट पडतं त्यातून आधी नौदलाची राखी जहाजं दिसली, मग नांगर टाकून बसलेले टँकर, मग जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या. ट्रॉम्बेचा अणुभट्टीचा घुमट लांबून पिंडीसारखा दिसतो, हे मी मनातच ठेवलं. पलीकडे न्हावा-शेव्याच्या क्रेन, उत्तरेला अटल सेतूची रेघ. "देवाला जायची वाट अशी असते होय?" आई म्हणाली. मला ते पटलं नाही. ही जागा बंदराचीच आहे, आज नाही, पहिल्यापासून. बेटावरच्याच मोराबंदरच्या किनाऱ्यावर रोमन बनावटीच्या कुंभांची खापरं सापडली आहेत. दारूची किंवा तेलाची भांडी घेऊन लांबची गलबतं इथे लागत होती, तेव्हा वरचं लेणं कोरायला कुणी सुरुवातही केली नव्हती. टँकर नवे, वाट जुनीच.

लाँच शेतबंदरच्या धक्क्याला लागते. ओहोटी होती, दोन्ही बाजूंना चिखल आणि तिवरं. धक्क्यावरून खेळण्यातल्यासारखी झुकझुक गाडी जाते, तिच्यात आई लहान मुलीच्या उत्साहानं बसली. पण पुढे १२०-एक पायऱ्या आहेत, आणि डोलीवाल्यांनी विचारल्यावर मात्र तिनं त्यांना असं झटकलं, की त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना निळ्या ताडपत्रीखाली दुकानं: माळा, टोप्या, प्लास्टरचे तीन तोंडांचे शंकर. बेटावरच्या आगरी बायका नऊवारी नेसून, डोक्यावर चकचकीत हंडे घेऊन फोटोसाठी उभ्या असतात, फोटोचे पैसे घेतात. पूर्वी मला हे ओशाळवाणं वाटायचं. आता वाटत नाही. पाणी भरायचं काम कुणी फुकट बघावं असं थोडंच आहे.

एका काकडीवाल्या मावशींपाशी आई टेकली. काकडीला तिखट-मीठ लावून घेता घेता तिनं विचारलं, "हत्ती कुठे उभा होता हो?"

मावशींनी सुरीनंच डोंगराच्या मागची बाजू दाखवली. "राजबंदराकडं व्हता. आमी नाय पायला. आमच्या आज्यानं पन नाय पायला."

खरंच आहे. हत्ती राजबंदरजवळ, गलबतं लागायच्या जुन्या जागी होता. १५३४ मध्ये वसईच्या तहानं हा सगळा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला. त्यांची गलबतं तिथे लागली, समोर दगडी हत्ती दिसला, आणि इथल्या लोकांना बेटाचं नाव काय असं विचारायच्या आतच नाव ठेवून मोकळे झाले. १८१४ मध्ये हत्तीची मान आणि डोकं गळून पडलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला, तर उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे आणून राणीबागेत टाकले. पुढे १९१४ मध्ये ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. म्हणजे आई ज्याच्या सावलीत डबा खात होती तो एकदा पूर्ण फुटलेला हत्ती होता. हे सगळं मी तिला पायऱ्या चढता चढता, धापा टाकत सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, "जोडला कुणी?"

मी कॅडेल आणि ह्यूएट अशी नावं सांगितली. "बरं झालं," ती म्हणाली. विलायतेला न्यायला निघालेल्यांबद्दल तिला काडीची उत्सुकता नव्हती.

लेण्याच्या तोंडाशी आईनं चपला काढल्या.

तिनं ते इतक्या सहज केलं, की मी दोन पावलं बुटांनी आत गेल्यावर मला कळलं. आत शेकडो माणसं होती आणि सगळ्यांच्या पायांत काही ना काही होतं. आईनं स्वतःच शिवलेल्या पिशवीत चपला टाकल्या, पिशवी काखेला लावली आणि अनवाणी आत आली. पहारेकऱ्यानं सांगितलं, "आजी, घाला चपला. खडे टोचतील." ती म्हणाली, "देवळात?" तो हसला आणि बाजूला झाला. मी थोडा वेळ बुटांत अवघडून उभी राहिले. तिथे फलक पुरातत्त्व खात्याचा होता, तिकीट काढलेलं होतं, युनेस्कोनं १९८७ मध्ये हे जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं आहे. देऊळ असल्याचं कुठेच लिहिलेलं नव्हतं. शेवटी मीही बूट काढले. भक्ती म्हणून नव्हे, आईच्या शेजारी बुटांनी उभं राहणं जमेना म्हणून.

आणि त्याचा एक फायदा झाला. पायांना जमीन कळली. दाराशी ऊन लागलेला कातळ कोमट होता, चार-पाच खांब आत गेलं की गार. हे लेणं तीन बाजूंनी उघडं आहे. उत्तरेचं हे दार, आणि पूर्व-पश्चिमेला उघडी अंगणं. उजेड तिन्हीकडून येतो, पण समोरच्या दक्षिणेच्या भिंतीवर ऊन थेट कधीच पडत नाही. खांबांना आपटून, जमिनीवरून उसळून जो उरेल तो उजेड तिथे पोचतो. त्या उरलेल्या उजेडात सदाशिव आहे.

गाइड लोक अजूनही ब्रह्मा-विष्णू-महेश असं सांगून मोकळे होतात. शेजारचा एक गाइड तेच सांगत होता. तिन्ही चेहरे शिवाचेच आहेत. आपल्या डाव्या हाताचा अघोर, मिशा, हातात नाग, मुकुटात कवटी. उजव्या हाताचा वामदेव, कुरळ्या केसांचा, हातात कमळ, जवळजवळ बाईचा चेहरा. आणि मध्ये तत्पुरुष, डोळे मिटलेला. सदाशिवाचे चेहरे पाच, तेव्हा चौथा मागे कातळात आणि पाचवा वर, न कोरलेला, असं धरायचं. उंची साडेपाच मीटरच्या आसपास, आणि तीही फक्त छातीपर्यंतच. बाकीचा देह जणू डोंगराच्या आत राहिला आहे.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याच्या हातात ते म्हाळुंग आहे."

मी पुस्तकात मातुलिंग वाचलं होतं. ते पुस्तकी नाव माझ्या डोक्यात कुठल्याच फळाला चिकटलेलं नव्हतं.

"कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच की," ती म्हणाली. "तिच्या घरचं दिसतंय." आई लग्नाआधी एकदा आणि नंतर एकदा कोल्हापूरला गेली होती, तेवढ्यावर तिनं १,४००-१,५०० वर्षांपूर्वीचं सोयरपण जुळवून टाकलं. मी काही बोलले नाही. फळ तेच आहे.

मग तिनं तिचा खरा प्रश्न विचारला. "माया किती सोडली असेल गं?"

शिवणाऱ्या घरात वाढलेल्यांना हे सांगायला नको. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात, उद्या अंग भरलं तर उसवून मोठं करता यावं म्हणून, ती माया. आईचं म्हणणं असं, की कापड चुकलं तर ठिगळ लावता येतं, बाही आखूड झाली तर काठ लावता येतो. कातळाला काय लावणार? म्हणून आधी सगळं मोठं बेतलं असणार. "नाक पहिल्यांदा जाडं ठेवायचं. जाडं असलं तर बारीक करता येतं. एकदा बारीक झालं की संपलं." ती हवेत कातर चालवल्यासारखी दोन बोटं हलवत होती. लेणी वरून खाली कोरत येतात, आधी छत मग जमीन, हे मला माहीत होतं, पुस्तकांत असतंच. पण त्या नाकाशी कुणी तरी रोज थोडी थोडी माया आत घेत बसला असेल, हे मला आईनं सांगेपर्यंत सुचलं नव्हतं. या बाजूनं बघायला लागल्यावर मला तो चेहरा शांत वाटेना. तो चेहरा शांत होईपर्यंत समोर बसलेल्या माणसाला किती धाकधूक झाली असेल तेच दिसायला लागलं.

सदाशिवाकडे तोंड केलं की आपल्या डाव्या अंगाला, म्हणजे पूर्वेकडे, अर्धनारीश्वर आहे. आईनं डोळे बारीक केले. एका अंगाचा खांदा रुंद आणि कंबर सरळ, दुसऱ्या अंगाचा खांदा उतरता आणि कंबरेला बाक; नंदीवर रेलल्यामुळे सगळा तोल एकीकडे. "दोन मापांचं एक अंग," ती म्हणाली. "मधली शिवण कुठे दिसत नाही. हे मला आयुष्यात जमलं नसतं." एवढी शाबासकी तिनं मला कधी दिली नाही, आणि मी तिच्या हाताखाली दोन वर्षं काजं केली आहेत.

उलट खांबांवर ती टीका करत होती. "सूत धरलेलं नाही." मला वाटलं, वय झालंय, दिसत नसेल. पण तिचं बरोबर आहे. खांबांच्या रांगा काटेकोर सरळ नाहीत, सगळे एका मापाचेही नाहीत. डोळा लांबून फसतो. तिच्या डोळ्याला चाळीस वर्षांची सवय. मधले काही खांब पुढच्या काळात नव्यानं बांधून घातलेले आहेत, तेही तिनं बोट न लावता ओळखले. "हा नवा. हा पण नवा. रंग जुळवलाय, पण पोत नाही जुळला." मूळच्या खांबांचे माथे फुगीर, दाबलेल्या उशीसारखे आहेत, छताचं सगळं वजन खरंच त्यांच्यावर असल्यासारखे. वास्तविक कोरीव लेण्यात छत डोंगराचंच असतं. लाकडी किंवा बांधीव देवळात खांब जसे ओझं वाहतात तसं इथे वाहायचं नसतं. तरी कोरणाऱ्यानं ती उशी दबवली.

बाकीच्या शिल्पांबद्दल मी भरभर सांगणार आहे, कारण ती बघताना मन लागत नाही. नटराजाचे हात गेले आहेत, पाय गेले आहेत. कैलास हलवणारा रावण तर शोधावा लागतो. अंधकासुराला मारणारा शिव वरच्या अंगानं तेवढा शाबूत आहे आणि त्याच्या चेहऱ्यावरचा राग अजून ओला आहे. सगळं पोर्तुगिजांच्या माथी मारायची आपल्याकडे पद्धत आहे. त्यांच्या शिपायांनी इथे बंदुका झाडल्या हे जुन्या लिखाणात येतंच; पण पाझरणारं पाणी, निचऱ्याची आबाळ, आणि पुढे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात यांनीही आपापला वाटा उचललेला आहे.

एक शिल्प मात्र आईनं सोडलं नाही. शिव-पार्वतीचं लग्न. पार्वती अजून शिवाच्या उजव्या अंगाला उभी आहे. लग्न लागायचं आहे, वामांगी व्हायची आहे, असं अभ्यासक सांगतात. मागून बाप तिला हळूच पुढे करतो. खाली बसलेला ब्रह्मदेव भटजी झालाय. पार्वतीनं मान खाली घातली आहे, पण पुरती नाही. जेवढी घालावी लागते तेवढीच. आई त्या मानेकडे बघत होती. तिनं किती नवऱ्या मुलींचे ब्लाउज शिवले असतील, शेवटचं माप घेताना त्यांच्या माना किती वेळा वर करायला सांगितल्या असतील, देव जाणे. ती काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

"हे केलं कुणी?" तिनं बाहेरच्या अंगणात बसल्यावर विचारलं. याचं उत्तर धड देता येत नाही. लोक पांडवांचं नाव घेतात, कुणी बाणासुराचं. महाराष्ट्रातलं कुठलंही लेणं पांडवांनी एका रात्रीत कोरलेलं असतं. सहाव्या शतकाच्या मध्याला, कलचुरी राजा कृष्णराजाच्या काळात हे झालं असं बरेच अभ्यासक मानतात, कारण त्याची नाणी बेटावर सापडली आहेत आणि तो पाशुपत, म्हणजे शिवभक्तांच्या एका जुन्या पंथाचा होता. कुणी कोकणच्या मौर्यांचं नाव घेतं. इथे एक शिलालेख होता. पोर्तुगिजांनी तो काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला, तिथे तो कुणाला वाचता आला नाही, आणि मग तो हरवला. दिओगु दु कूतु या त्यांच्याच इतिहासकारानं ते लिहून ठेवलं आहे.

"म्हणजे लेबलच काढून नेलं," आई म्हणाली.

लेण्यात पश्चिमेकडे गाभारा आहे. चौकोनी, चार दारांचा, प्रत्येक दाराला दोन असे आठ द्वारपाल, माणसाच्या अडीच-तीनपट उंचीचे. आत साधी पिंड. फोटो काढणारे इथे थांबत नाहीत, कारण काढण्यासारखं फारसं काही नाही. आईनं पर्समधून रुमालात बांधलेली बेलाची पानं काढली. मला माहीतच नव्हतं तिनं ती आणली आहेत. मघाचाच पहारेकरी मागे उभा होता. तो हळू आवाजात म्हणाला, "आज नाही, आजी. शिवरात्रीला या. तेव्हा गावचे सगळे येतात." त्याच्या आवाजात अडवणूक नव्हती. आईनं हात जोडले, पानं पुन्हा रुमालात बांधली. माझा चेहरा पडलेला बघून तीच मला म्हणाली, "अगं, त्याचं काम आहे ते."

समोरच्या स्तूपाच्या टेकडीवर आम्ही गेलो नाही. तिथे विटांचा बौद्ध स्तूप आहे, या लेण्यांच्या आधीचा. पण आईचे गुडघे संपले होते. तोफांच्या डोंगराचंही तेच. उतरताना पुन्हा काकडीवाल्या मावशींपाशी बसलो. त्यांनी घर दाखवलं, विजेचा खांब दाखवला. बेटावर वीज आली फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून. त्याआधी संध्याकाळचे तीनेक तास जनरेटर, मग अंधार. समोर आख्खी मुंबई झगमगत असताना. "आता रातचा पंखा फिरतं," मावशी म्हणाल्या. मग आईच्या पायांकडे बघून: "तुमी अनवानी गेल्तां वर? बेस केलां. आमीपन देवाला तसंच जातां."

परतीच्या लाँचमध्ये आई झोपली. लाइफ जॅकेट घालून, तोंड थोडं उघडं, पिशवी छातीशी. चपला पिशवीतच राहिल्या होत्या.

राणीबाग बुधवारी बंद असते, म्हणून गुरुवारी गेलो. ही तिचीच मागणी. बाग आता जिजामाता उद्यान आहे, म्युझियम भाऊ दाजी लाड यांच्या नावाचं आहे. पेंग्विन बघायला रांग होती. हत्तीजवळ कुणी नव्हतं. आई त्याच्याभोवती हळूहळू एक पूर्ण फेरी फिरली. प्रदक्षिणा नव्हती ती, गिऱ्हाइकाला घातलेलं कापड मागून-पुढून बघतात तशी फेरी होती. सांधे दिसतात. कुठे दगडाचा रंग बदलतो, कुठे भरलेली रेघ. तिनं एका सांध्यापाशी मान वाकडी केली.

"इथे ओढ बसलीय," ती म्हणाली. "पण फाटलं नाहीये अजून. शंभर वर्षं झाली म्हणतेस ना? मग चांगलाच जोडलाय."

आम्ही त्याच्या सावलीत बसलो. डबा आणलेला होता, थालीपीठ आणि लोणी. खाऊन झाल्यावर हात पुसायला तिनं रुमाल काढला, तर आत परवाची बेलाची पानं, कडा वळलेली, सुकत आलेली. ती थोडा वेळ हातात धरून तिनं हत्तीकडे पाहिलं, मग परत बांधून ठेवली.

"त्याला बेल काय कामाचा," ती म्हणाली. "केळं आणायला हवं होतं."